लेपर्ड रॅस पाळायचाय? आधी वाळू, मग मासा

लेपर्ड रॅस हा खाऱ्या पाण्यातला ठिपक्याठिपक्यांचा मासा. दुकानात तो पहिल्यांदा दिसतो तेव्हा तो बहुधा उघड्या काचेच्या तळाशी, एका कोपऱ्यात, आडवा टेकलेला असतो. "नवीन आहे, सेट होईल," असं दुकानदार म्हणतो. आपण ठिपक्यांना भुलतो आणि पैसे मोजतो. तीन आठवड्यांनी टँकमध्ये ठिपके नसतात. माझे पहिले दोन असेच गेले. दोन्ही वेळा मी रोग शोधत होतो, औषधांचे डोस वाचत होतो. मासे मात्र उपाशी मेले होते. दिवसातून दोनदा मायसिस (कोळंबीसारखे इवले जीव, गोठवलेले) पडत असतानाही उपाशी.

म्हणून या लेखाचा क्रम थोडा उलटा आहे. मासा कसा निवडायचा ते निम्म्या वाटेवर येईल. त्याआधी त्याचं स्वयंपाकघर आणि अंथरूण.

हा मासा उपाशी का मरतो

या गटाचं शास्त्रीय नाव मॅक्रोफॅरिंगोडॉन. म्हणजे घशात मोठे दात असलेला. १८६२ मध्ये डच डॉक्टर पीटर ब्लीकरने हे नाव दिलं आणि त्यात माशाची सगळी जीवनशैली आली. तोंड बारीक, चिमट्यासारखं. त्याने खडकावरचा, वाळूतला एकेक कण टिपायचा आणि घशातल्या दातांनी कवच फोडायचं. नैसर्गिक खाणं म्हणजे फोरामिनिफेरा (चुन्याच्या कवचाचे सूक्ष्म जीव), इवल्या गोगलगाई, आणि कोपेपॉड, अँफिपॉड हे कोळंबीचे इवले भाऊबंद.

दुसरी गोष्ट दुकानात कुणी सांगत नाही. रॅस कुळातल्या माशांना खरं जठर नसतं. घशातून अन्न थेट आतड्यात. साठवून ठेवायला जागाच नाही. त्यामुळे हा मासा पहाटेपासून संध्याकाळपर्यंत टिपत राहतो. आता विचार करा: पकडल्यापासून निर्यातदार, विमान, आयातदार, दुकान असा प्रवास, आणि वाटेत प्रत्येक ठिकाणी उघडी काच. आपल्या घरी पोचतो तेव्हा त्याच्या अंगावर शिलकीत काही उरलेलं नसतं.

टँक किती जुना?

वय आकारापेक्षा महत्त्वाचं. सहा महिन्यांच्या आतल्या टँकमध्ये हा मासा आणू नका. वर्ष झालेलं असेल तर उत्तम. एका माशाला निदान २०० लिटर, दोन-तीन माद्यांना ३०० च्या पुढे, आणि भरपूर लाईव्ह रॉक (सूक्ष्म जीव वसलेले समुद्री खडक).

वयाची खात्री कॅलेंडरवर करू नका. दिवे बंद झाल्यावर दोन तासांनी लाल कागद लावलेला टॉर्च घेऊन टँकपुढे बसा. काचेवर पांढरे टिंब सरकताना दिसले पाहिजेत, ते कोपेपॉड. खडकाच्या फटीतून कोळंबीच्या पिलासारखे अँफिपॉड धावताना दिसले पाहिजेत. दहा मिनिटांत चार-पाचच दिसले तर मासा आणखी दोन महिने लांबवा.

हे पॉड (कोपेपॉड, अँफिपॉड) वाढवायचे तर संपमध्ये, म्हणजे फिल्टरच्या वेगळ्या टाकीत, रेफ्युजियम (पॉडसाठी राखलेला सुरक्षित कप्पा) करा: कीटोमॉर्फा शेवाळाचा गुंता, वर साधा दिवा, मुख्य टँकचे दिवे बंद असताना चालू. त्यात जिवंत पॉड सोडून निदान महिनाभर हात लावू नका. आणि पाणी अति स्वच्छ ठेवायचा हट्ट सोडा. नायट्रेट, फॉस्फेट शून्यावर नेलेल्या टँकमध्ये पॉडनाही खायला काही नसतं. माझ्याकडे नायट्रेट ५ ते १० पीपीएम आणि फॉस्फेट ०.०५ च्या आसपास असतं. प्रवाळही खूश, पॉडही खूश.

"मालवणहून दोन दगड आणले तर?" हा लाईव्ह रॉकबद्दलचा प्रश्न मला दर मे महिन्यात येतो. नको. दगडी प्रवाळांच्या सगळ्या जाती २००१ पासून वन्यजीव संरक्षण कायद्याच्या पहिल्या अनुसूचीत आहेत, आणि किनाऱ्यावरच्या दगडावर काय जिवंत आहे हे तुम्हाला-मला नुसत्या डोळ्यांनी ओळखता येत नाही.

वाळू: इथे कंजुषी नको

लेपर्ड रॅस रात्री वाळूत झोपतो. घाबरला तरी वाळूत, आजारी पडला तरी वाळूत. वाळू नसेल तर तो नीट झोपत नाही, आणि अशी चार-पाच रात्री गेली की खाणंही सोडतो.

खोली निदान ५ सेंमी, माशाची लांबी १० सेंमीच्या पुढे गेली की ७-८. दाणा बारीक हवा, रवाळ साखरेइतका, साधारण अर्धा ते एक मिलिमीटर. प्रवाळाचा जाड चुरा अजिबात नको. हा मासा तोंड खाली करून वाळूत सूर मारतो. जाड, टोकदार दाण्यांनी जबडा आणि अंगावरचा चिकट थर सोलून निघतो आणि तिथूनच जिवाणूंचा संसर्ग सुरू होतो. अरॅगोनाइटची (चुनखडीची) बारीक वाळू घ्या. १२० बाय ६० सेंमीच्या तळाला ५ सेंमी थर म्हणजे ३६ लिटर वाळू, वजनात साधारण ५० किलो. स्टँड आणि जमीन हे वजन पेलेल ना, तेही आधी बघा. चौपाटीची वाळू फुकट असली तरी तिच्यात तेल, सांडपाणी आणि देव जाणे काय काय असतं.

तळ उघडाच ठेवायचा असेल तर मधला मार्ग आहे. ३० बाय २० सेंमीचा, ८ सेंमी उंचीचा फूड-ग्रेड डबा वाळूने भरून खडकाआड, कमी प्रवाहात ठेवा. मासा तो बरोबर शोधतो. एकाहून जास्त मासे असतील तर डबेही दोन.

पंपाचा झोत वाळूवर येणार नाही असं बघा. सकाळी उठून बघावं तर कोपऱ्यात काच दिसतेय आणि वाळू सगळी दुसऱ्या टोकाला, असं झालं की मासा रोज नवीन जागा शोधत अस्वस्थ होतो.

झाकण

रॅस उडी मारतो. "माझा नाही मारत" म्हणणाऱ्यांचा फक्त अजून मारायचा असतो. ६ मिमी छिद्राची पारदर्शक जाळी ॲल्युमिनियमच्या चौकटीत बसवून घ्या. माझ्याकडे जाळी होती. पाणी टँकमध्ये परत आणणाऱ्या रिटर्न पाइपपाशी तीन बोटं फट होती, "एवढ्याशातून काय जातंय" म्हणून सोडलेली. मासा तेवढ्यातूनच गेला आणि सकाळी सोफ्याखाली सापडला. तेव्हा पाइप, वायर, फीडरची जागा, पाणी बाहेर पडायची ओव्हरफ्लोची खाच, सगळं बंद करा. आणि रात्री खोलीतला दिवा एकदम लावू नका.

कुठला मासा निवडायचा

बाजारात "लेपर्ड" नावाखाली पाच-सहा जाती येतात. मॅक्रोफॅरिंगोडॉन मेलिआग्रिस हा मूळ लेपर्ड. गंमत अशी की मेलिआग्रिस म्हणजे ग्रीकमध्ये गिनी कोंबडी. शास्त्रज्ञांना ठिपक्यांत कोंबडी दिसली, व्यापाऱ्यांना बिबट्या. मादी पांढुरकी, काळ्या-तपकिरी ठिपक्यांची. नर तांबूस, अंगभर हिरवट ठिपके. बायपार्टायटस आपल्याच हिंदी महासागराच्या पश्चिम भागातला, आफ्रिकेच्या किनाऱ्यापासून मालदीवपर्यंत. निग्रोसेन्सिस काळा, ऑर्नाटस हिरव्या-लाल नक्षीचा. सगळे १२ ते १५ सेंमीपर्यंत वाढतात. संगोपन सगळ्यांचं जवळपास सारखंच. पहिल्यांदाच पाळणार असाल तर मेलिआग्रिस किंवा बायपार्टायटसची मादी घ्या, ६ ते ८ सेंमीची. अगदी इवलं पिल्लू प्रवासात खंगलेलं असतं; पूर्ण वाढलेला नर दिसायला देखणा, पण नव्या जागी रुळायला सगळ्यांत कठीण.

दुकानात घाई करू नका. आल्यावर किमान आठवडाभर तो तिथेच असू दे. ॲडव्हान्स द्यावा लागला तर द्या. त्या काळात त्याच्या टँकमध्ये वाळूचा डबा ठेवायची विनंती करा. मी डबा आणि वाळू घरून घेऊन गेलो होतो. दुकानदार हसला, पण ठेवला.

मग बघायचं ते असं. समोरून पाहा: डोळ्यांच्या मागे, पाठीच्या वरच्या भागात खळगा पडलाय का? पाठ सुरीसारखी झाली असेल तर नको. पोट आत ओढलेलं असेल तर नको. खालचा ओठ नीट पाहा. पिशवीच्या कोपऱ्यात शिरण्याच्या धडपडीत तो सोलवटलेला असतो, आणि तोंड दुखावलेला मासा टिपू शकत नाही. डोकं खाली करून तरंगत असेल किंवा पोहताना शेपूट वर उचलली जात असेल तर पोहण्याची पिशवी (माशाच्या पोटातली हवेची पिशवी) बिघडलेली असू शकते. आणि शेवटी, खायला घालायला सांगा. तुमच्या समोर. जिवंत आर्टेमियावरही (खाऱ्या पाण्यातले कोळंबीसारखे इवले जीव) तो झेपावत नसेल तर हात जोडून बाहेर पडा.

पहिला दिवस, आणि घड्याळाचा घोळ

पिशवी उघडायच्या आधी १५-२० मिनिटं टँकच्या पाण्यावर तरंगत ठेवा. दुकानातून तासाभरात घरी आला असाल तर सावकाश पाणी मिसळायला हरकत नाही. पण मासा थेट लांबच्या प्रवासाच्या पिशवीत आला असेल तर तासभर थेंब-थेंब पाणी घालत बसू नका. बंद पिशवीत माशाच्या श्वासाने कार्बन डायऑक्साइड साठतो, पीएच घसरतो आणि साचलेला अमोनिया कमी विषारी रूपात राहतो. पिशवी उघडली की वायू उडून जातो, पीएच चढतो आणि तोच अमोनिया जहाल होतो. सोपा उपाय: दुकानातल्या पाण्याचा खारेपणा (विशिष्ट गुरुत्वाचा आकडा) आधीच विचारून घ्या. बरेच जण १.०१९-१.०२० ला ठेवतात. क्वारंटाइन टँक (नवा मासा आधी वेगळा ठेवायची टाकी) त्याच आकड्यावर तयार ठेवा, मासा पटकन हलवा, आणि मग चार-पाच दिवसांत हळूहळू १.०२५ पर्यंत या.

टँकमध्ये सोडताक्षणी तो वाळूत जाईल. आणि गायब. एक दिवस, तीन दिवस, कधी आठवडा. या काळात नव्वद टक्के नुकसान मालक करतो. काडीने उकरून "आहे का नाही" बघणं म्हणजे प्रवासातून आलेल्या पाहुण्याला झोपेतून हलवून "झोप लागली का?" विचारणं. उकरू नका. मेला असेल तर अमोनिया चढेल आणि नासारियस (मेलेलं खाणाऱ्या) गोगलगाई असतील तर एका जागी गोळा होतील. तोपर्यंत तो आहे असंच धरा.

दुसरं कारण घड्याळाचं. हा मासा आपल्या मूळ गावच्या वेळेला पक्का असतो. बाली आपल्या अडीच तास पुढे आहे. तिथला मासा आपल्या दुपारी साडेतीन-चारलाच झोपायला जातो आणि पहाटे, टँक अंधारात असताना उठतो. केनियातून आलेला नेमका उलटा, आपल्या अडीच तास मागे. तुम्ही ऑफिसला निघेपर्यंत तो उठतच नाही. म्हणून पहिल्या पंधरवड्यात तुम्ही त्याच्या वेळेला जुळवून घ्या: मासा कुठून आला ते विचारा, दिव्यांची वेळ तासाभराने पुढे-मागे करा, आणि तो वर असेल तेव्हाच खायला घाला. दिव्यांची वेळ ठरली की ती बदलू नका. दोन-तीन आठवड्यांत तो आपोआप आपल्या वेळेवर येतो.

क्वारंटाइन

करायचंच, पण उघड्या तळाच्या टँकमध्ये नाही. ८०-१०० लिटरचा टँक, मुरलेला स्पंज फिल्टर, पीव्हीसीचे दोन तुकडे, घट्ट झाकण आणि वाळूचा डबा. वाळू इथे सिलिकाची, बारीक आणि खळखळून धुतलेली. अरॅगोनाइट इथे नको, कारण कॉपर (तांब्याचं औषध) द्यायची वेळ आली तर चुनखडीची वाळू ते शोषून घेते. मोजमाप कधीच स्थिर राहत नाही.

चार आठवडे ठेवा. पहिला आठवडा कुठलंही औषध नाही, फक्त खाणं. आधी पोटोबा. व्यवस्थित खायला लागल्यावर प्राझिक्वांटेल, लिटरला २ ते २.५ मिलिग्रॅम, त्वचा-कल्ल्यांवरच्या चपट्या कृमींसाठी. अंड्यांवर हे औषध चालत नाही, म्हणून आठवड्याने पाणी बदलून दुसरा डोस. औषध असताना एअर पंप जोरात ठेवा, पाण्यातला ऑक्सिजन उतरतो. या औषधाने काही रॅस दोन दिवस खाणं कमी करतात. घाबरू नका, पण दोनाचे चार दिवस झाले तर पाणी बदला.

कॉपर मी "असावं म्हणून" देत नाही. अंगावर मिठासारखे कण किंवा मखमली धूळ दिसली, श्वास धपापू लागला, तरच. तेव्हाही चिलेटेड (तांबं दुसऱ्या रेणूत बांधलेलं) प्रकारचं, पाच-सहा दिवसांत पायरी-पायरीने चढवत, रोज किटने मोजत. उपाशी लेपर्ड रॅसला कॉपर देणं म्हणजे आजारापेक्षा उपचाराने मारणं.

काय, किती, किती वेळा

पहिले दोन आठवडे जिवंत अन्नाशिवाय पर्याय नाही. घरी आर्टेमिया उबवा: लिटरभर पाण्यात २५ ग्रॅम मीठ, २६ ते २८ अंश, खालून हवा, वर दिवा. २४ तासांत पिल्लं तयार. अंड्यातून निघाल्यावर पहिल्या काही तासांतच त्यांच्यात पिवळ्या बलकाचं पोषण असतं, त्यामुळे काढल्या काढल्या घाला. टरफलं वर तरंगतात, ती टँकमध्ये जाऊ देऊ नका.

त्यात रोज थोडं गोठवलेलं सायक्लॉप्स (एक प्रकारचे कोपेपॉड) आणि बारीक मायसिस मिसळा. मोठ्या पिपेटने वाळूच्या जवळ, कमी प्रवाहात सोडा. हा मासा कणाकडे एका डोळ्याने बघतो, मान वाकडी करतो, विचार करतो, मग टिपतो. तेवढ्यात टँग जातीच्या माशांनी सगळं फस्त केलेलं असतं. म्हणून आधी टँगना नोरी (वाळवलेलं समुद्री शेवाळ) द्या, त्यांची तोंडं गुंतवा, मग इकडे या.

आपल्या बाजाराचाही उपयोग होतो. गाबोळी सर्वांत हिट: पडदा काढून टँकच्याच पाण्यात अंडी सुटी करायची. तिसऱ्या (शिंपल्या) उघडून अगदी बारीक चिरून. ओला जवळा मिळाला तर तोही चिरून. मीठ किंवा पावडर लावलेला माल नको. आरओच्या पाण्याने धुऊन, पातळ थरात डीप फ्रीझरमध्ये आठवडाभर ठेवून मगच वापरा. आठवड्यातून दोनदा खाण्यावर जीवनसत्त्वाचे दोन थेंब.

सुरुवातीला दिवसातून चार-पाच वेळा, चिमूट-चिमूट. रुळल्यावर तीन वेळा पुरे, कारण मधल्या वेळी तो खडकावर पोट भरतो. दाणेदार अन्न काही जण घेतात, काही वर्षानुवर्षं तोंड फिरवतात. आग्रह करण्यात अर्थ नाही. दर रविवारी त्याच कोनातून फोटो काढा. रोज पाहणाऱ्याला मासा वाळतोय हे कळत नाही. फोटोत पाठीची रेघ लगेच दिसते.

सोबती

सिक्सलाइन रॅस आणि डॉटीबॅक हे मासे टाळा. ते नवख्याला वाळूतून वर येऊच देत नाहीत. मॅन्डरिन मासा असेल तर दोघं एकाच ताटात, म्हणजे पॉडवर, जेवणार हे लक्षात ठेवा. लहान टँकमध्ये दोन्ही नको. फेअरी रॅस, क्लाउन, शांत गोबी हे मासे चालतात. प्रवाळांना लेपर्ड रॅस त्रास देत नाही. इवल्या गोगलगाई मात्र खातो. मुख्य टँकमध्ये पहिले तीन-चार दिवस छिद्रांच्या पारदर्शक पेटीत, तळाला वाळू घालून ठेवा. बाकीच्यांचं कुतूहल ओसरलं की दार उघडा.

दोन किंवा तीन माद्या एकत्र सोडल्या तर काही महिन्यांत त्यांतली सर्वांत मोठी नर होते. जन्म मादीचा, गरजेने नर. या कुळातली सर्रास पद्धत. माझ्याकडच्या मोठीच्या अंगावर आधी गालाशी हिरवट रेषा उमटल्या, मग तांबूस झाक चढली. या काळात ती फार पळते आणि वजन उतरतं, तेव्हा एक वेळचं खाणं वाढवा. दोन नर मात्र एका टँकमध्ये नकोत.

मे महिना आणि गणपती

पाणी २५-२६ अंशांवर असू दे. मुंबई-ठाण्यात मे महिन्यात चिलर लागतोच. पुण्याला कधी पंख्यावर भागतं. तापमान २९ च्या वर गेलं की पाण्यात ऑक्सिजन कमी विरघळतो, आणि त्यात रात्री वीज गेली तर वाळूतल्या माशाचे हाल आधी होतात. बॅटरीवर चालणारा एअर पंप प्लगमध्येच लावून ठेवा. वीज गेली की आपोआप सुरू होणारा घ्या.

गणपतीला गावी जायचं तर या माशाला ऑटोफीडर पुरत नाही. गोळ्यांच्या साप्ताहिक डबीत एकेका वेळचं गोठवलेलं खाणं भरून फ्रीझरमध्ये ठेवा आणि किल्ली शेजाऱ्यांकडे द्या. सोबत कागदावर मोठ्या अक्षरात लिहा: "संध्याकाळी साडेपाचनंतर तीन मासे दिसणार नाहीत. झोपलेत. फोन करू नये." पहिल्या वर्षी मी हे लिहायला विसरलो. ऐन आरतीच्या वेळी शेजारच्या काकूंचा फोन आला. आवाज रडवेला. वाळू उकरून बघू का, विचारत होत्या.